रिमोट दाबा आणि यंत्राला शिकवा: कोडिंग न येणाऱ्यांसाठी ऑटोमेशन



शटर खाली आलं, सगळे घरी गेले आणि ऑफिसचा एसी रात्रभर चालूच राहिला. बिल आलं की आपण स्टाफवर चिडतो. "ऑटोमेशन करा" म्हटलं की तुम्ही म्हणता, "सर, आम्हाला कुठे कोडिंग येतं?" अहो, इथे त्याची गरजच नाही!

यंत्राला हात धरून शिकवणं नवीन नाही. नॉर्वेतली ट्राल्फा कंपनी एकचाकी हातगाड्या बनवायची. तिथे १९६७ मध्ये रंग मारणारा रोबो तयार झाला. रंगारी त्याचा हात धरून एकदा काम करून दाखवायचा, मग रोबो तेच गिरवायचा.

आजचा वाय-फाय आयआर ब्लास्टर असाच शिकतो. ही छोटीशी डबी. ॲपमध्ये 'लर्न' निवडा, जुना रिमोट डबीसमोर धरा, बटण दाबा. डबी तो सिग्नल लक्षात ठेवते. मग वेळ लावा: रोज रात्री ९.३० ला एसी बंद. झालं!

पण तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

१. शिकवण्याआधी रिमोट नीट सेट करा. बहुतेक एसीचा रिमोट दर वेळी तापमान, मोड, फॅन सगळं एकत्र पाठवतो. २६ वर एसी हवा असेल तर आधी रिमोटवर २६ आणा, मगच शिकवा.

२. टीव्हीला टायमर लावताना सांभाळा. बऱ्याच टीव्हींना चालू आणि बंद करायला एकच सिग्नल असतो. कुणी आधीच टीव्ही बंद केला असेल, तर डबी तो चालू करून बसेल!

३. डबी फक्त बोलते, ऐकत नाही. मध्ये कपाट आलं, वाय-फाय गेलं, तर एसी चालूच राहील आणि डबीला पत्ताही लागणार नाही. म्हणून पहिला आठवडा स्वतः डोळ्यांनी खात्री करा. नुकसान होऊ शकेल असा माल ज्या एसीवर अवलंबून आहे, तो यावर सोडू नका.

थोडक्यात, काम कसं करायचं हे यंत्र तुमचं बघून शिकतं. कधी करायचं आणि कधी नाही, हे मालकानेच ठरवायचं.

आजचा गृहपाठ: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीने होणारं एकच काम वहीत लिहा. सुरुवात तिथूनच करा.