घाटात गाडी का तापते?

उन्हाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना कडेला बॉनेट उघडून उभी असलेली मोटार तुम्ही पाहिली असेल. जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येतो. जवळजवळ तितकीच उष्णता पाण्यावाटे रेडिएटरकडे जाते. चढणीवर पेट्रोल जास्त जळते, पण वेग कमी, म्हणून रेडिएटरच्या जाळीतून वाराही कमी.

अशा वेळी रेडिएटरचे झाकण चुकूनही उघडू नका! त्यातली स्प्रिंग आतला दाब वाढू देते. बाहेरच्याहून एक वातावरण जास्त दाब असला, की पाणी १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसला उकळते. तुमच्या घरच्या प्रेशर कुकरचेच तत्त्व हे. समजा, पाणी ११० अंशांवर आहे. झाकण निघताच दाब उतरतो, थोड्या पाण्याची तत्क्षणी वाफ होते आणि ती उरलेले उकळते पाणी तोंडावर उडवते.

इंजिन बंद करून अर्धा तास तरी थांबा. मग पाहा : पाणी कमी झाले का? रबरी नळी गळते का? पंख्याचा पट्टा तुटला का? (हल्लीचे पंखे बहुधा विजेवर चालतात, तेथे फ्यूज तपासावा.) हे सारे ठीक असेल, तर संशय थर्मोस्टॅटवर. ही झडप बंदच अडकली, तर पाणी रेडिएटरकडे जातच नाही. नवे पाणी ओतायचे तेही इंजिन निवल्यावर; तापलेले बीड गार पाण्याने तडकू शकते.