एका सेकंदाचे दहा हजार तुकडे

ताशी ६४ किलोमीटर. हमरस्त्यावर हा वेग कुणाला भरधाव वाटणार नाही. पण मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या ‘भारत एनकॅप’च्या समोरच्या धडक चाचणीत मोटार याच वेगाने अडथळ्यावर आदळवतात. पाचव्या मजल्यावरून, सुमारे १६ मीटरवरून पडलेली वस्तूही जमिनीवर याच वेगाने आपटते.

पुढचं सगळं दशांश-दीड दशांश सेकंदात आटोपतं. पापणी लवते न लवते, एवढाच वेळ. तेवढ्यात माणसाचं काय होईल हे सांगतो गाडीत माणसाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या डोक्यात, छातीत, कमरेत असलेला त्वरणमापी, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते मोजणारा सेन्सर. वजन जेमतेम एक ग्रॅम, पण २,००० जीपर्यंतचा धक्का मोजतो. एक जी म्हणजे पृथ्वीची आपल्यावरची रोजची ओढ. त्याच्या नोंदी सेकंदाला दहा हजार वेळा घेतात. दोन नोंदींच्या मधे ती गाडी पावणेदोन मिलिमीटर सरकलेली असते! असे शंभर सेन्सर धरले, तर एका धडकेतून दीड लाख आकडे हाती येतात.

हे आकडे निर्जीव नाहीत. पुतळ्याचं डोकं साडेचार किलोचं. ८० जीला तेच ३६० किलोचं होतं, आणि युरोपच्या नियमानुसार ही पातळी तीन मिलिसेकंदांहून जास्त वेळ ओलांडलेली चालत नाही. डोक्याच्या इजेचा निर्देशांक तर त्वरणाच्या अडीचाव्या घातावर बेतलेला आहे: तेवढ्याच वेळात धक्का दुप्पट झाला, की आकडा साडेपाचपटींच्या वर जातो. (१९५४ मध्ये अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांनी रॉकेटच्या गाडीवर स्वतःच्या देहावर ४६ जी सोसले. कधीकाळी माणसंच पुतळे झाली होती.)

मला सर्वांत थक्क करतो तो रस्त्यावरच्या गाडीतल्या एअरबॅगचा सेन्सर; तोही त्वरणमापीच. १९९० च्या दशकातल्या ‘एडीएक्सएल ५०’ या चिपमध्ये हलणाऱ्या भागाचं वस्तुमान होतं एका ग्रॅमचा कोटीवा हिस्सा. तो अणूच्या व्यासाच्या दहाव्या भागाएवढा सरकला, तरी चिपला कळायचं. फुगा उघडायचा की नाही, हे अशाच सेन्सरच्या भरवशावर दोन-तीन शतांश सेकंदांत ठरतं.

आता स्वतः हिशेब करा. ताशी ६४ वरून गाडी दशांश सेकंदात थांबली, तर सरासरी धक्का १८ जी. मांडीवरचं दहा किलोचं मूल त्या क्षणी १८० किलोचं होतं. तेवढं वजन कुठल्याही आईबापाच्या हातांनी पेलवत नाही. मुलाला त्याच्या स्वतःच्या सीटवर, पट्ट्यात बसवा.