बडतर्फीनंतरचे नव्वद दिवस

कामगाराला नोकरीवरून काढणे न्याय्य होते की अन्याय्य, या प्रश्नाकडे न्यायालय बऱ्याच उशिरा वळते. तक्रारदार कायद्याच्या व्याख्येत बसतो का, तो योग्य ठिकाणी आला आहे का आणि मुदतीत आला आहे का, हे प्रश्न त्याआधी सुटावे लागतात. महाराष्ट्रात त्यांना विशेष महत्त्व आहे, कारण येथे बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याचे दोन मार्ग अर्धशतकभर शेजारी शेजारी चालत आले. एक केंद्राच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचा, आणि दुसरा कामगार संघांना मान्यता देण्यासाठी व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्यासाठी राज्याने १९७१ मध्ये केलेल्या आणि ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आलेल्या कायद्याचा.

कामगार कोणाला म्हणायचे, हे हुद्द्यावरून नव्हे तर प्रत्यक्ष कामावरून ठरते. शारीरिक, तांत्रिक, कारकुनी स्वरूपाचे काम करणारा कामगार ठरतो, मग नेमणूकपत्रावर त्याला ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हटलेले असले तरीही. व्यवस्थापकीय अधिकार वापरणारा मात्र व्याख्येबाहेर राहतो आणि पर्यवेक्षकाला पगाराची मर्यादा लागू होते. खासगी शाळेतील शिक्षकाचा मार्ग तर पूर्णपणे वेगळा असून १९७७ च्या कायद्यानुसार त्याला शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करावे लागते.

केंद्रीय कायद्याचा मार्ग समेटाच्या कार्यालयातून जातो. मुळात एकट्या कामगाराची बडतर्फी हा ‘औद्योगिक विवाद’ मानलाच जात नसे; संघटनेने किंवा सहकाऱ्यांनी तो प्रश्न उचलून धरला तरच त्याला ते रूप येई. ही उणीव १९६५ च्या दुरुस्तीने भरून काढली. तरीही समेट फसल्यावर प्रकरण न्यायालयाकडे सोपवायचे की नाही, हे शासन ठरवीत असे आणि फाइल मंत्रालयात अडकली की कामगार ताटकळत राही. २०१० च्या दुरुस्तीने समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यापासून ४५ दिवस उलटल्यावर थेट कामगार न्यायालयात जाण्याची मुभा दिली आणि त्यासाठी बडतर्फीपासून तीन वर्षांची मुदत घातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने १९४७ चा कायदा रद्द करून समेट अधिकाऱ्याकडे जाण्याची मुदत दोन वर्षांवर आणली. संहितेने नाव घेऊन रद्द केलेल्या तीन केंद्रीय कायद्यांत महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा नाही.

या राज्य कायद्याचे आकर्षण असे की त्यात समेटाची पायरीच नाही. जिला वकिलांच्या आणि युनियनच्या बोलीत ‘यूएलपी’ म्हणतात, ती तक्रार सरळ कामगार न्यायालयात दाखल होते आणि न्यायालयाला अंतरिम आदेश देण्याचाही अधिकार आहे. अंतर्गत चौकशी सुरू असताना, बडतर्फीचा आदेश हाती पडण्यापूर्वीही अशी तक्रार करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. या सोयीची किंमत मुदतीत मोजावी लागते, कारण तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करावी लागते. त्यानंतर आलेली तक्रार न्यायालय घेऊ शकते, परंतु विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज जोडून त्यात सबळ कारण दाखवावे लागते आणि मूळ वादाआधी त्या अर्जाचाच वाद रंगतो. व्यवस्थापनाकडे विनंतीअर्ज करीत राहिल्याने घड्याळ आपोआप थांबत नाही. ‘साहेबांशी बोलणे चालू आहे, घाई करू नका’ असा सल्ला देणाऱ्या पुढाऱ्यांनी या तरतुदीकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते, असे म्हणणे भाग आहे.

तक्रारीत नुसते ‘अन्यायाने काढले’ असे लिहून भागत नाही. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील पहिल्या नोंदीत अनुचित बडतर्फीचे सात प्रकार दिले आहेत. त्यांत सूडबुद्धीने काढणे, उघड खोटे कारण देणे, विनापरवाना गैरहजेरीचा बनावट आरोप ठेवणे, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून चौकशी उरकणे आणि किरकोळ चुकीसाठी धक्कादायक वाटावी इतकी मोठी शिक्षा देणे यांचा समावेश आहे. यांपैकी कोणता प्रकार घडला आणि तो कोणत्या प्रसंगांतून दिसतो, हे तारीखवार मांडावे लागते.

यांतला गैरहजेरीचा प्रकार व्यवहारात सर्वांत गुंतागुंतीचा ठरतो, कारण अनेक ठिकाणी बडतर्फीचे पत्र दिलेच जात नाही. रखवालदार सकाळी गेटवर अडवतो, पंचिंगचे कार्ड बंद झालेले असते आणि पुढे न्यायालयात मालक सांगतो की कामगार स्वतःच यायचा थांबला. अशा वेळी ‘कामावर हजर होण्यास तयार आहे, अमुक तारखेला गेटवर अडवण्यात आले’ एवढ्या मजकुराचे पत्र त्याच आठवड्यात पोस्टाने पाठवून त्याची पावती आणि पोच जपून ठेवली, तर घटनेची तारीखही ठरते आणि काम सोडून गेल्याचा बचावही दुबळा होतो.

कंत्राटी कामगारांची अडचण याहून खोल आहे. कंत्राट केवळ दिखाऊ असून आपण खरे तर मूळ कंपनीचेच नोकर आहोत, असे त्यांचे म्हणणे असते. परंतु कंपनीने मालक-नोकर नातेच नाकारले असेल आणि ते आधी प्रस्थापित झालेले नसेल, तर यूएलपी तक्रारीत त्याचा निर्णय करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये महाराष्ट्रातून आलेल्या प्रकरणांत ठरवले. त्या नात्याचा निवाडा औद्योगिक विवादाच्या मार्गानेच व्हावा लागतो. शिवाय राज्य कायद्याच्या ५९ व्या कलमानुसार एका कायद्याखाली कार्यवाही सुरू केली की त्याच बाबीसाठी दुसऱ्या कायद्याचे दार बंद होते. परिणामी, चुकीचे दार ठोठावणाऱ्याची काही वर्षे त्या दारातच जातात. नुकतीच नोकरी गेलेल्या माणसाकडून तीन महिन्यांत इतक्या बारीक कायदेशीर भेदाची जाण अपेक्षिणे, ही या व्यवस्थेची सर्वांत कमकुवत बाजू होय.

पुराव्याचा भारही पुष्कळदा कामगाराच्याच अंगावर येतो. कपातीच्या वेळी एक महिन्याची नोटीस आणि भरपाई यांचे संरक्षण मिळण्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालेले असावे लागते, आणि हे दिवस कामगारानेच सिद्ध करायचे असून त्यासाठी त्याचे नुसते शपथपत्र पुरेसे नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निर्णय आहे. म्हणून पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेतील नोंदी, भविष्य निर्वाह निधीचे विवरण आणि ईएसआयचे कार्ड यांना मोल येते. मूळ हजेरीपत्रक मालकाकडे असल्यास ते हजर करण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो.

तक्रारीच्या शेवटच्या परिच्छेदात पुन्हा कामावर घेणे, सेवेतील सातत्य आणि मधल्या काळाचे वेतन अशा तिन्ही मागण्या स्वतंत्रपणे लिहिल्या जातात. त्यांपैकी मागील वेतनाच्या मागणीसोबत, काढल्यानंतर दुसरीकडे नोकरी वा मिळकत नाही, हे एक वाक्य आवश्यक असते, कारण महाराष्ट्रातीलच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितल्याप्रमाणे कर्मचाऱ्याने ते सांगितले की उलट सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर जाते.