प्रकाशाची मुद्रा

गेल्या उन्हाळ्यांत यवतमाळहून एका आप्तांकडे कैरीचें लोणचें प्लास्टिकच्या पिशवींत भरून पाठविलें. पिशवीचें तोंड घरींच तापत्या पट्टीच्या यंत्रानें बंद केलें होतें. शिवणीवर तेलाचा थेंब राहून गेला. तेवढ्या फटींतून तेल बाहेर आलें, हवा आंत शिरली आणि वर्षाची बेगमी महिन्याभरांत बुरसली. बरणीस दादरा बांधणाऱ्या आमच्या मातोश्रींस अशी फजिती ठाऊक नव्हती! संस्कृतांत ‘मुद्रित’ म्हणजे मोहोरबंद, मिटलेलें. अन्नाची ही मुद्रा कशी उमटते, हें तेव्हांपासून जाणून घेतलें.

तापत्या पट्टीची उष्णता बाहेरून आंत जाते. पॉलिथिन सुमारें 110 ते 130 अंश सेल्सिअसला वितळतें व पट्टीस चिकटूं पाहतें. म्हणून पुष्कळ पिशव्यांत उशिरां वितळणारा दुसरा पापुद्रा बाहेरून जोडतात. पण असा मिश्र पापुद्रा पुन्हां वितळवून वापरणें कठीण, आणि तो अखेरीस उकिरड्यावर जातो.

लेसरची रीत निराळी. लहानपणीं आपल्या या कापसाच्या मुलुखांत भिंगाखालीं कापूस पेटविण्याचा खेळ कोणी खेळला नाहीं? लेसरचा किरण तसाच एका रेषेवर एकवटतां येतो. वरचा पापुद्रा किरणास वाट देणारा व खालचा त्याला शोषणारा असला, तर ऊब नेमकी सांध्यावरच उपजते. तप्त पट्टीचा स्पर्श लागत नाहीं.

येथें एक अभिमानाची गोष्ट. 1938 सालीं बारामतीस जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले कुमार पटेल यांनीं 1964 सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत कार्बन डायऑक्साइडचा लेसर सिद्ध केला. जो वायु आपण उच्छ्वासावाटे टाकतों, त्यांतूनच 10.6 मायक्रॉन लांबीच्या तरंगांचा हा अदृश्य किरण निघतो. अनेक प्लास्टिकें त्यास शोषतात. म्हणून तीं कापण्यास व सांधण्यास तो कामास येतो.

मात्र हें यंत्र कारखान्याचें. किरण डोळ्यांस घातक, जोर अधिक झाल्यास पापुद्रा जळतो, आणि दोन्ही पापुद्रे एकमेकांस घट्ट भिडलेच पाहिजेत. घरीं आपली पट्टीच बरी. सुनेनें यंदा पिशवीचें तोंड कोरड्या फडक्यानें पुसलें, बोटभर जागा मोकळी ठेविली आणि शिवण घातल्यावर पिशवी दाबून पाहिली. एक थेंबही गळला नाहीं. किरण असो वा पट्टी, तोंड आधीं स्वच्छ हवें. पिशवीचें काय आणि माणसाचें काय!