दीड किलो आणि एक मिलिमीटर

२८ जुलै २०२४. बेल्जियममधल्या स्पा येथे जॉर्ज रसेलने फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली. पुढच्या गाड्यांनी दोन-दोनदा टायर बदलले, त्याने एकदाच. आणि झिजलेल्या टायरवर त्याने आपल्याच मर्सिडीज संघाच्या लुइस हॅमिल्टनला जेमतेम अर्धा सेकंद मागे ठेवले. करंडक घेऊन झाला, मग गाडी काट्यावर चढली. वजन भरले ७९८ किलो, म्हणजे किमान मर्यादेइतकेच. नियमानुसार टाकीतले इंधन काढले, २.८ लिटर निघाले, पुन्हा वजन केले तेव्हा काटा ७९६.५ वर थांबला. दीड किलो कमी! रसेल दुसरा किंवा दहावा झाला नाही. निकालातून त्याचे नावच गेले. संघाने चूक कबूल केली, अपील केले नाही. एकच टायरजोड शेवटपर्यंत चालवल्याने रबर जास्त झिजले, आणि स्पाला शर्यतीनंतर नेहमीची पूर्ण फेरी नसल्याने रस्त्यावरचे रबराचे तुकडे टायरला चिकटून वजन भरून निघण्याची संधीही नव्हती, असे एक स्पष्टीकरण पुढे आले. ते पटण्याजोगे आहे. पण पटले म्हणून निकाल बदलायला हवा होता का?

हळहळणाऱ्यांचे म्हणणे असे की फसवण्याचा हेतू नव्हता, फायदाही नगण्य, मग एवढी शिक्षा कशाला. आधी फायद्याचे पाहू. दहा किलोमागे फेरीला सुमारे तीन दशांश सेकंद, असा या खेळातला ढोबळ हिशेब आहे. दीड किलोचे ४४ फेऱ्यांत दोन सेकंदांच्या आसपास होतात, आणि विजयाचे अंतर तर अर्धाच सेकंद होते. यावर कोणी म्हणेल की वजन पहिल्या फेरीपासून कमी नव्हते, ते हळूहळू उतरले. टायर तर सगळ्यांचेच झिजतात. तेही खरे. म्हणजे फायदा झाला की नाही हे बंद खोलीत बसलेल्या तीन-चार स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, रात्रीतून ठरवायचे, तर त्यांना शर्यत पुन्हा मनात पळवावी लागेल. काट्याला ते करावे लागत नाही.

हेतूची गोष्ट याहून अवघड. १९८२ साली रिओमध्ये पिके पहिला आणि रोझबर्ग दुसरा आला. दोघांच्याही गाड्यांत ‘ब्रेक थंड करण्यासाठी’ पाण्याच्या टाक्या होत्या. पाणी सुरुवातीलाच उडून जाई, गाडी हलकी पळे आणि वजनाआधी टाकी पुन्हा भरली जाई. संपलेले द्रव भरायला तेव्हा परवानगी होती. दोघांनाही बाद केल्यावर त्यांच्या बाजूच्या संघांनी इमोलाच्या शर्यतीवर बहिष्कार टाकला आणि तिथे अवघ्या १४ गाड्या धावल्या. दोन वर्षांनी टिरेल संघ शर्यतीच्या शेवटी टाकीत पाण्याबरोबर शिशाच्या गोळ्याही भरतो, हे उघड झाले. त्या वर्षीची त्यांची सगळी कामगिरी पुसली गेली. २००५ मध्ये इमोलालाच तिसऱ्या आलेल्या जेन्सन बटनच्या, ‘बार’ संघाच्या गाडीचे वजन आधी ६०६.१ किलो भरले. इंधन काढल्यावर ते ५९४.६ झाले, मर्यादा होती ६००. स्टुअर्डांनी संघाचा खुलासा मानला होता. मग खेळाची नियामक संस्था एफआयएनेच अपील केले, बटन बाद झाला आणि संघावर दोन शर्यतींची बंदी आली, पण जाणूनबुजून लबाडी केल्याचे सिद्ध झाल्याचे अपील न्यायालयानेही म्हटले नाही. हेतू सिद्ध झाल्याशिवाय बाद करायचे नाही असा नियम असता, तर बटनचे तिसरे स्थान कायम राहिले असते आणि पुढच्या हंगामात प्रत्येक टाकीच्या पोटात आणखी एक टाकी निघाली असती.

खरा गोंधळ जिथे मोजता येत नाही तिथे होतो. १९७८ मध्ये अभियंता गॉर्डन मरेने ब्रॅबहॅम संघाच्या गाडीमागे मोठा पंखा बसवला. वायुगतीसाठी हलता भाग लावायला मनाई होती. पंखा प्रामुख्याने इंजिन थंड करण्यासाठी आहे, असे उत्तर तयार होते. गाडीखालची हवा ओढून तो तिला रस्त्याला चिकटवतो हे सगळ्यांना दिसत होते, पण ‘प्रामुख्याने’ कुठल्या पट्टीने मोजणार? अँडरस्टॉर्पची शर्यत लाउडाने अर्ध्या मिनिटाहून अधिक फरकाने जिंकली, तो विजय कायम राहिला, आणि गाडी मात्र पुन्हा धावली नाही. २००६ मध्ये रेनोच्या गाडीतले कंप शोषणारे वजन, जे सांगाड्याच्या आत होते आणि ज्याला वारा शिवतही नव्हता, तेही ‘हलता वायुगतिकीय भाग’ ठरले. ही शब्दांची कसरत मला अजिबात पटत नाही. १९९९ मध्ये तर मोजमापच शब्दांत विरघळले. सेपांगला पहिल्या-दुसऱ्या आलेल्या दोन्ही फेरारी बाजूच्या पट्ट्यांच्या मापावरून बाद झाल्या. त्यामुळे मिका हाक्किनेन विजेता ठरत होता. सहा दिवसांनी पॅरिसच्या न्यायालयाने पाच मिलिमीटरची मुभा आणि मोजण्याच्या पद्धतीतली ढिलाई पुढे करून निर्णय फिरवला. मुभा असायला हरकत नाही, पण ती आकड्यात आधी छापलेली हवी.

गाडीखालच्या फळीबाबत ती तशी आहे. १९९४ मध्ये इमोलाला राट्झेनबर्गर आणि सेना या चालकांचा मृत्यू झाल्यावर हंगामाच्या मधेच ही फळी सक्तीची झाली: गाडी फार खाली चालवली तर ती घासते. जाडी १० मिलिमीटर, एक मिलिमीटर झीज माफ. त्याच वर्षी स्पाला शूमाकर जिंकला आणि फळीमुळे बाद झाला. गाडी गिरकी घेऊन कडेच्या कर्बवर घासली, हा खुलासा चालला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लास वेगासला लँडो नॉरिसची फळी एका ठिकाणी ८.८८ भरली, आणि त्याचा जोडीदार पियास्त्रीही बाद झाला. हे मुद्दाम केलेले नाही, असे स्टुअर्डांनी स्वतः नोंदवूनही दोघांचे गुण गेले. शिक्षा प्रमाणात असावी, ०.१२ मिलिमीटरला पाच सेकंद पुरेत, असे म्हणणारे एक विसरतात. असा दंड म्हणजे दरपत्रक. पाच सेकंद देऊन सात सेकंद मिळत असतील, तर ती फळी कुठलाही शहाणा अभियंता आनंदाने घासून घेईल.

मात्र एका आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो बरोबर आहे. हेतू न विचारणाऱ्या नियमाने निदान सगळ्यांना विचारले पाहिजे. फळी तपासायला गाडी उचलून खालून पाहावे लागते, वेळ लागतो, म्हणून तपासणी निवडक गाड्यांचीच होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्टिनचा रस्ता खडबडीत होता, आणि सरावाला एकच सत्र मिळाले होते; त्यानंतर गाडीची उंची बदलता येत नव्हती. चार गाड्यांच्या फळ्या तपासल्या: वेर्स्टापेन, नॉरिस, हॅमिल्टन, लेक्लेर. शेवटचे दोघे नापास. शर्यत १७ गाड्यांनी पुरी केली होती. म्हणजे तपासलेल्यांपैकी निम्म्या गाड्या नियमबाह्य निघाल्या, आणि उरलेल्या तेरा न उघडता कायदेशीर ठरल्या. दोन जागा रिकाम्या झाल्याने बारावा आलेला लोगन सार्जंट दहावा झाला आणि त्याला एक गुण मिळाला. १९९३ नंतर अमेरिकन चालकाने मिळवलेला तो पहिला गुण. त्याची गाडी त्या चारांत नव्हती.