गहू बंद केला, तरी त्रास का थांबत नाही? (सिलिॲक आजार समजून घेऊया)



आपल्या वालीव परिसरात कारखान्यांमुळे अनेक राज्यांतली कुटुंबे राहतात. त्यामुळे मधल्या सुट्टीत एकाच रांगेत तांदळाची भाकरी, चपाती आणि पराठा असे डबे उघडतात. पण काही मुलांना हा गहूच बाधतो. वारंवार जुलाब, फुगलेले पोट, न वाढणारी उंची, औषध घेऊनही न भरून येणारे रक्त, अशी लक्षणे दिसली तर डॉक्टर सिलिॲक आजाराची शंका घेतात.

नेमके काय होते?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक ताणली जाते ती याच्यामुळेच. ग्लूटेन पूर्ण पचत नाही. त्याचे तुकडे लहान आतड्याच्या अस्तरात शिरतात. ठरावीक जनुके असलेल्या काही जणांत, शरीराचे रक्षण करणाऱ्या टी-पेशी या तुकड्यांना शत्रू समजतात आणि इशारा देतात. मग अस्तरातच राहणाऱ्या दुसऱ्या टी-पेशी आपल्याच आतड्याच्या पेशी मारू लागतात. अन्नरस शोषणारे बोटांसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. मूल पोटभर जेवते, पण अंगी लागत नाही ते यामुळे.

डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये पावाची टंचाई झाली, तेव्हा ही आजारी मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा बिघडली. १९५० साली त्यांनी हे आपल्या प्रबंधात मांडले. आजही ग्लूटेन आयुष्यभर बंद करणे हाच मुख्य उपचार आहे.

भारतात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तरेत हा आजार दर हजारी सुमारे ८ ते ९ प्रौढांत आढळला, दक्षिणेत मात्र हजारी एकापेक्षाही कमी. जनुकांत एवढा फरक नव्हता. ताटातल्या गव्हात मात्र खूप होता.

पथ्य पाळूनही त्रास चालूच राहिला तर?

आधी लपलेला गहू शोधायचा. बहुतेक वेळा तोच सापडतो. उदा.

१. गिरणीत गव्हानंतर त्याच जात्यावर दळलेले तांदळाचे किंवा नाचणीचे पीठ.
२. बांधानी हिंग. यात बऱ्याचदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.
३. सोया सॉस, रवा, शेवया, आणि मैदा असलेली बिस्किटे.

पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ लिहायचे, तर आपल्या देशातील नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. यावरून किती थोडे पुरते ते कळेल.

वर्षभर काटेकोर पथ्य पाळूनही अस्तर भरून आले नाही आणि दुसरे कारणही सापडले नाही, तर त्याला उपचारांना दाद न देणारा सिलिॲक म्हणतात. हा फार विरळ आहे आणि मुख्यतः मोठ्या वयात दिसतो. मुलांच्या पालकांनी याने घाबरू नये.

याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात अस्तरातल्या टी-पेशी दिसायला नेहमीसारख्याच असतात, फक्त शांत होत नाहीत. दुसऱ्यात पेशीच बदललेल्या असतात. टी-पेशीच्या पृष्ठभागावर असणारी ओळखीची खूण त्यांच्यावर नसते. घंटा वाजली की वर्ग भरतो, पण इथे घंटा न वाजताच वर्ग भरत राहतो! म्हणजे ग्लूटेन नसतानाही या पेशी वाढतात. इंटरल्युकिन-१५ नावाचा संदेश देणारा पदार्थ त्यांना जगवतो. यांतूनच पुढे लिम्फोमा हा कर्करोग होऊ शकतो. म्हणून डॉक्टर आतड्याचा बारीक तुकडा काढून त्यातल्या पेशी तपासतात. कोणता प्रकार आहे यावर पुढची औषधे ठरतात.

आपण काय करायचे?

- शंका आली म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नका. रक्ततपासणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते.
- निदान झालेल्या मुलाचे पीठ घरी, वेगळ्या भांड्यात, स्वच्छ मिक्सरवर दळा.
- वर्गात वाढदिवसाला बिस्किटे वाटताना त्या मुलासाठी चिक्की किंवा फळ ठेवा. चिक्की पाकिटातली असेल तर त्यावरचे घटक वाचा.
- कार्यानुभवात कणकेचे गोळे करायचे असतील तर त्याऐवजी शाडूची माती घ्या.
- “एक घास खा, काही होत नाही” असे कोणीही म्हणू नये. तो एक घासही त्या पेशींना जागे करायला पुरतो.

ही माहिती आपल्या पालकसभेत नक्की सांगा.