उधारीच्या वहीतली नावं

सासऱ्यांनी १९७८ साली बाजारपेठेत मॅचिंग सेंटर टाकलं. तेव्हापासूनच्या उधारीच्या वह्या माळ्यावर पडून होत्या. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत त्या खाली काढल्या आणि दुपारभर गल्ल्यावर बसून चाळल्या. जुने भाव बघायला उघडल्या होत्या. नजर अडकली ती नावांवर.

पहिल्या आठ-दहा वर्षांत बायकांची नावंच नाहीत. ‘मास्तरांच्या घरून, खण ४’. ‘पोस्टमनची मंडळी, अस्तर १ मी.’ ‘पाटलांची धाकटी सून’. सून यायची ती सासूच्या मागून, रंग सासू ठरवायची आणि हिशेब दिवाळीला नवरा चुकता करायचा. म्हाताऱ्यांना गुळेदगुड्डचा खण लागे, चोळीला पुढे गाठ मारायला. सुना हुकांच्या ब्लाउजसाठी टू बाय टू रुबिया मागत. नऊवारीतून सहावारीत येणं दिसतं तितकं सोपं नव्हतं. नऊवारीला परकर लागत नाही. सहावारीला परकर आला, फॉल आला. सोय म्हणून घेतलेल्या साडीनं खर्च मात्र वाढवला.

वही उलटी धरली तर मागच्या पानांवर दुसरा हिशेब आहे, मजुरीचा. घरी बसून फॉल-पिको करून देणाऱ्या बायकांचा. तिथे मात्र नुसतं नाव: ना नवऱ्याचं, ना आडनाव. ज्यांच्याकडून येणं होतं त्या कुणाच्या तरी सुना होत्या. ज्यांना देणं होतं त्यांना नाव होतं. सासऱ्यांनी हे मुद्दाम केलं नसणार. पैसे हातात नेऊन द्यायचे, तर कुणाच्या हे माहीत हवं, इतकंच.

पुढे हुद्दे येतात. ‘अंगणवाडीच्या बाई’, ‘सिस्टर’, नंतर ‘आशाताई’. मानधन हातात पडेल त्या दिवशी या स्वतः येऊन नावावर काट मारून घेत, आणि काट नीट बसली का ते वाकून बघत. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर गावोगाव बाया सरपंच झाल्या. अशाच एक बाई झेंडावंदनाच्या साडीवर मॅचिंग घ्यायला आल्या होत्या. वहीत मी ‘सरपंच’ लिहिलं आणि पुढे सवयीनं त्यांच्या यजमानांचं नाव. ते अक्षर माझं आहे, सासऱ्यांचं नाही.

पंजाबी ड्रेस, गाऊन, लेगिंग या सगळ्यांनी कपाटं भरली नि रिकामी केली. एवढंच सांगते की गाऊनवर टॉवेल टाकून दुकानात येणाऱ्या बाईला पूर्वी लोक हसत, आता तो टॉवेलही नाही आणि हसणारंही कुणी नाही. खण तर असा परतलाय की शहरातून सुटीला आलेल्या मुली अख्खी साडीच खणाची मागतात.

पण कपड्यांपेक्षा मला पैसे जास्त आठवतात. पदराच्या गाठीतले, बटव्यातले, ब्लाउजमधून काढलेले घामेजलेले. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली, त्या आठवड्यात माझ्या काउंटरवर पाचशेच्या अशा नोटा आल्या की त्यांना डाळीचा, हिंगाचा वास. कुणी वीस वर्षं साठवलेल्या, कुणी भिशीच्या. ‘वहिनी, घ्या ना, घरी कळायला नको.’ मला घेता येत नव्हत्या. काहींनी शेवटी नवऱ्याला सांगितलं. त्या पैशांचं पुढे काय झालं, हे मी कुणाला विचारलं नाही. एकीनं नंतर दोन वर्षं ब्लाउजपीस उधारीवरच नेला.

आता वही नाही. काउंटरवर क्यूआरचा डबा आहे, रक्कम मोठ्यानं ओरडून सांगणारा. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार जमा होतात त्या दिवसांत दुकान भरलेलं असतं. परवा एक तिशीची बाई सासूला घेऊन आली. तीनशे चाळीसचं बिल झालं. सासू लेस बघण्यात दंग आहेसं पाहून ती माझ्या कानाशी आली. ‘काकू, त्या डब्याचा आवाज जरा बंद करता का?’

मी केला. मग तिनं फोनकडे पाहिलं, काहीतरी आठवल्यासारखं केलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यातून घडी घातलेल्या नोटा काढल्या. खात्याचे मेसेज नवऱ्याच्या फोनवर जात होते.